स्मार्ट फाउंड्रीचं कोटेशन आलंय, सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत घरची फाउंड्री आहे, ग्रे आयर्न आणि थोडं एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं, जास्त चिवट लोखंड). एक-एक टनाची दोन क्रुसिबल, त्यांना मिळून ७५० किलोवॅटचं एक पॅनल, अर्पा या साध्या मशिनवर मोल्डिंग (सँडचे साचे करणं), महिन्याला साधारण २५० टन चांगलं कास्टिंग. रिजेक्शन ५ टक्क्यांच्या खाली येत नाही. एका कंपनीने सेन्सर, क्लाउड, डॅशबोर्ड आणि 'एआयने रिजेक्शनचा अंदाज' असं सगळं एकत्र करून मोठ्या रकमेचं कोटेशन दिलंय. मोठा ग्राहक ऑडिटमध्ये डिजिटल नोंदी मागतो. वडिलांचं म्हणणं, इतकी वर्षं धातूचा रंग बघून भट्टी चालवली, आता हे कशाला? तर घ्यावं की नाही?

आधी सरळ उत्तर देतो. हे कोटेशन आहे तसं घेऊ नका, आणि हा विषय सोडूनही देऊ नका. त्यातल्या काही गोष्टी तुम्हाला आजच हव्या आहेत, काही वर्षभराने लागतील, आणि एआयचा भाग तुमच्याकडे आज चालूच शकत नाही. का, ते सांगतो.

उद्या सकाळी फेटलिंगमध्ये (कास्टिंग साफ करतात तिथे) जा. रिजेक्टच्या ढिगातून कुठलंही एक कास्टिंग उचला आणि सुपरवायझरला विचारा, हे कुठल्या हीटचं (भट्टीतल्या घाण्याचं)? त्या हीटमधल्या कितव्या लॅडलचं (धातू ओतायच्या भांड्याचं)? मोल्ड किती वाजता तयार झाला आणि ओतला किती वाजता? त्या वेळी सँड कशी होती? बहुतेक फाउंड्रीत उत्तर 'मंगळवारच्या सेकंड शिफ्टचं असेल' इथपर्यंत येतं आणि थांबतं. तुमच्याकडेही असंच असेल, तर भट्टीवर आणि सँड प्लांटवर कितीही सेन्सर लावा, त्यांनी गोळा केलेला आकडा त्या कास्टिंगपर्यंत पोचणार नाही. तापमानाचा ग्राफ एका बाजूला राहील, रिजेक्शनचा रजिस्टर दुसऱ्या बाजूला. या दोघांना जोडणारा धागा म्हणजे कास्टिंगची ओळख. ती नसेल तर बाकीचा खर्च वाया जातो, असं माझं ठाम मत आहे.

विक्रेते ज्या यशोगाथा दाखवतात त्या बहुतेक मोठ्या पोलाद कारखान्यांच्या असतात. टाटा स्टीलच्या ओडिशातल्या कलिंगनगर कारखान्याला वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने २०१९ मध्ये आपल्या 'लाइटहाऊस' कारखान्यांच्या यादीत घेतलं. ते काम खरोखर मोठं आहे, पण तिथलं चित्र नीट बघा. हॉट स्ट्रिप मिलमध्ये प्रत्येक स्लॅबला आणि त्यातून निघणाऱ्या कॉइलला (पोलादी पट्टीच्या गुंडाळीला) पहिल्यापासून नंबर असतो. रोलिंगचा फोर्स, पट्टीचं तापमान, जाडी हे सगळं कॉइलच्या लांबीवर कुठे किती होतं तेही नोंदलेलं असतं. खाली मोटर-व्हॉल्व्ह सांभाळणारे पीएलसी, त्यांच्या वर मिलचं गणित मांडणारा प्रोसेस कॉम्प्युटर, त्याच्या वर उत्पादनाचं नियोजन, ही लेव्हल १, २, ३ ची इमारत पोलाद उद्योगाने कित्येक दशकांत मजल्यावर मजला चढवत उभी केली. एआय आला तो तिच्या गच्चीवर. आपल्याला अजून पाया भरायचा आहे.

शिवाय कोल्हापूरचा फाउंड्री धंदा वेगळ्या मुशीतून आलेला. ऑइल इंजिन, पंप, मग ट्रॅक्टर आणि गाड्यांचे भाग. आठवड्यात तीस-चाळीस पॅटर्न फिरवायचे, ग्राहकाचा फोन आला की रात्रीतून प्लॅन बदलायचा, ही आपली ताकद आहे. नेमकी तीच डेटाच्या बाबतीत अडचण ठरते. एकच वस्तू दिवसरात्र बनवणाऱ्या लाइनसाठी तयार केलेलं सॉफ्टवेअर इथे जसंच्या तसं बसत नाही.

मग ओळख द्यायची कशी? हाय प्रेशर लाइनवर हे सोपं असतं, कारण पीएलसी प्रत्येक मोल्ड मोजतो आणि लाइन ज्या क्रमाने पुढे जाते त्याच क्रमाने मोल्ड ओतला जातो. अर्पावर मोल्ड जमिनीवर रांगेत लागतात आणि तिथे माणसालाच हे काम करावं लागतं. मी सुचवतो ती पद्धत अशी. पॅटर्नवर तारीख आणि शिफ्टचा फिरवता इन्सर्ट बसवा, आणि त्याच्या शेजारी तासाचं अक्षर. दर तासाला मोल्डरने ते अक्षर पुढे सरकवायचं. जमिनीवरच्या रांगांना रंगाने ठळक नंबर द्या. मोल्डिंगचा मदतनीस कुठल्या तासाचे मोल्ड कुठल्या रांगेत लागले ते नोंदवेल. पोअरिंगच्या वेळी एक मुलगा मोबाईलवर तीनच गोष्टी टाकेल: हीट नंबर, लॅडल कितवा, रांग कुठली. वेळ मोबाईल आपोआप घेतो. आता कास्टिंगवरचं अक्षर वाचलं की मोल्ड कुठल्या तासाचा ते कळतं, तो तास कुठल्या रांगांत होता ते कळतं, आणि त्या रांगा कुठल्या एक-दोन हीटमधून भरल्या तेही कळतं. हे शंभर टक्के अचूक नाही, पण 'मंगळवारची सेकंड शिफ्ट' याच्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे, आणि यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. हीटचा नंबर मोल्डवरच पंच करायची पद्धत मी मुद्दाम सुचवत नाही. मोल्ड होताना तो कुठल्या हीटने भरला जाणार हे अजून ठरलेलं नसतं, आणि घाईत चुकीचा नंबर पडला तर ती नोंद नसल्यापेक्षा वाईट.

याच्या जोडीला एक फुकटचं काम करा. कारखान्यातली सगळी घड्याळं एक करा. स्पेक्ट्रोचा (धातूची केमिस्ट्री तपासणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्युटर, भट्टीचं पॅनल, एनर्जी मीटर, सँड प्लांटचा पीएलसी, सुपरवायझरचा मोबाईल, प्रत्येकाची वेळ वेगळी असते. स्पेक्ट्रोचा पीसी पंधरा-वीस मिनिटं मागे असणं अगदी नेहमीचं, आणि तुमच्या भट्टीत तेवढ्या वेळात अर्धी हीट सरकते. पुढे जेव्हा कोणी दोन नोंदी जुळवायला बसेल तेव्हा त्याला १२ नंबरच्या हीटला ११ नंबरची केमिस्ट्री चिकटलेली दिसेल आणि निष्कर्ष उलटा निघेल. सगळी उपकरणं एका लोकल नेटवर्कवर आणून एकाच सर्व्हरवरून वेळ घ्यायला लावणं हे कुठलाही बरा आयटीवाला एका दिवसात करून देतो.

आता मोजमापाकडे येऊ. एका फाउंड्रीत हीट शीट बघत होतो. सलग अकरा हीटचं टॅपिंग तापमान (भट्टीतून धातू काढतानाचं) १४५० लिहिलेलं, सगळी एकाच पेनाने, एकाच दमात भरलेली. मेल्टरवर चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याला शिफ्टला मोजून चार टिपा (धातूत बुडवून तापमान मोजायची टोकं) मिळत होत्या, कारण टिपेचा खर्च खरेदी विभागाला दिसतो आणि जास्त तापलेल्या धातूचा खर्च कुणालाच दिसत नाही. इमर्शन थर्मोकपलच्या त्या टिपेत प्लॅटिनम-ऱ्होडियमची तार असते, ती एका बुडवणीत जळून जाते, म्हणून ती स्वस्त नाही हे खरं. पण आधी दर हीटला टीप द्या, मग डिजिटल पायरोमीटर घ्या. आणि टीप कशी बुडवायची ते एकदा उभं राहून दाखवा. स्लॅग बाजूला सारायचा, लान्स (टीप बसवलेली लांब दांडी) सरळ आत घालायचा, लायनिंगच्या (भट्टीच्या आतल्या अस्तराच्या) भिंतीपासून दूर, धातूच्या बऱ्यापैकी खोलीत, आणि आकडा स्थिर होईपर्यंत चार-पाच सेकंद हात हलू द्यायचा नाही. स्लॅगमध्ये टेकवून काढलेला आकडा वायरलेसने क्लाउडवर गेला म्हणून खरा होत नाही. पायरोमीटर निवडताना तो आकडा हीट नंबरसकट थेट कॉम्प्युटरवर पाठवणारा निवडा, म्हणजे शीट भरण्याचं काम मेल्टरच्या डोक्यावरून उतरतं. त्याला यातून मिळणारा सगळ्यात मोठा दिलासा हाच आहे.

स्पेक्ट्रोचंही तसंच. कार्बनचा आकडा भरवशाचा हवा असेल तर सॅम्पल तांब्याच्या चिल मोल्डमध्ये झटकन थंड होऊन पांढरं गोठलं पाहिजे. सॅम्पल करडं निघालं, ग्रॅफाइट सुटलं, तर स्पार्क नीट बसत नाही आणि कार्बन चुकीचा दिसतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलचा तुकडा पांढरा होता की नाही एवढी एक खूण टाकायची सोय करून घ्या. सीई म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट. सीई मीटरचा टेल्युरियम कप असेल तर त्याच्या लिक्विडसवरून (धातू गोठायला लागतो त्या तापमानावरून) निघालेला आकडा आणि स्पेक्ट्रोवरून काढलेला, म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. त्यांच्यात रोज ठरावीक फरक पडत असेल तर चालतं. तो फरक अचानक बदलला की कुठलं तरी उपकरण किंवा सॅम्पल बिघडलं आहे हे धातू ओतायच्या आधी कळतं.

पैसे सगळ्यात लवकर कुठे परत येतात म्हणाल तर विजेत. एक कारण असं की विजेला कास्टिंगच्या ओळखीची गरज नाही, हीट नंबर पुरतो. भट्टीच्या पॅनलवर मॉडबस (आकडे कॉम्प्युटरला पाठवायची सोय) असलेला एनर्जी मीटर लावा आणि प्रत्येक हीटचे युनिट, चार्जचं वजन, सुरू झाल्याची आणि टॅप केल्याची वेळ एका ओळीत आणा. लोखंड वितळवून १५०० अंशांपर्यंत नेण्यासाठी शास्त्राप्रमाणे टनाला साधारण ३९० युनिट लागतात. प्रत्यक्षात भट्टीच्या कॉइलमधला, पाण्यातून जाणारा, लायनिंगमधून झिरपणारा तोटा धरून ५५०च्या आसपास आलात तर चांगलं, आणि ६५० दिसत असेल तर कुठेतरी गळती आहे.

ती गळती कुठे असते ते दोन ढोबळ हिशेबांवरून बघा. एक टनाच्या क्रुसिबलचं तोंड साधारण अर्धा मीटर व्यासाचं. १४५० अंशांना त्या उघड्या तोंडातून प्रारणाने (रेडिएशनने) जाणारी उष्णता ४०-५० किलोवॅटच्या घरात असते. म्हणजे केमिस्ट्रीची वाट बघत, किंवा मोल्ड तयार नाहीत म्हणून, झाकण उघडं ठेवून २० मिनिटं धातू धरला तर १५ युनिट हवेत गेले. २५० टन चांगल्या कास्टिंगसाठी तुम्ही महिन्याला ४०० टन तरी वितळवत असाल, म्हणजे ४०० हीट. प्रत्येक हीटला हे होत असेल तर ६,००० युनिट, नऊ रुपये दर धरला तर महिन्याला ५४,००० रुपये. त्यातले अर्धे जरी वाचले तरी झाकणाचा आणि मीटरचा खर्च फार दिवस अंगावर राहत नाही. दुसरा हिशेब जास्त तापवण्याचा. वितळलेलं लोखंड आणखी ५० अंश वर नेण्यात धातूला स्वतःला टनामागे ११-१२ युनिट लागतात, भट्टीची कार्यक्षमता धरली तर १६च्या पुढे. 'राहू दे थोडं गरम, ओतायला बरं पडतं' या सवयीचे ४०० टनांवर ६,४०० युनिट होतात. आणि जादा तापलेला धातू सिलिका लायनिंग खातो तो खर्च वेगळाच.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून किलोवॅट-अवरऐवजी केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-अवर) वर बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टरही आता थेट युनिटमध्ये मोजला जातो. टीओडीचे (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराचे) टप्पे वीजदराच्या प्रत्येक आदेशात बदलत राहतात. हीटवार वेळ आणि युनिट हातात असले की कुठली हीट कुठल्या तासात घ्यायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

एवढं केल्यावर एआयकडे बघू. तुमचेच आकडे घेऊ. समजा कास्टिंगचं सरासरी वजन २५ किलो, म्हणजे महिन्याला १०,००० नग. ५ टक्के रिजेक्शन म्हणजे ५०० नग. आता हे ५०० नग चाळीस पॅटर्नमध्ये आणि ब्लोहोल, पिनहोल, सँड इन्क्लूजन, शिफ्ट (मोल्डचे दोन भाग सरकणं), कोल्ड शट, श्रिंकेज (गोठताना आकसून पडणारी पोकळी), स्लॅग अशा दहा दोषांत वाटा. एका पॅटर्नच्या एका दोषाच्या वाट्याला महिन्याला सरासरी एक-सव्वा नग येतो. यातून कुठलंही गणित काही शिकू शकत नाही, मग ते कितीही हुशार असो. तरीही कोणी ठामपणे अंदाज देत असेल तर तो योगायोगाला कारण समजतोय. उलट, तुमचे सगळ्यात जास्त चालणारे दोन पॅटर्न आणि त्यातला सगळ्यात महागात पडणारा एक दोष घेतला, आणि वर सांगितलेल्या ओळखीसह सहा महिने नोंद ठेवली, तर साध्या एक्सेलच्या तक्त्यातही चित्र दिसायला लागतं.

सँडमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. कुठल्याही एका पॅटर्नचे सँड ड्रॉप आणि इन्क्लूजनचे रिजेक्ट तासाच्या अक्षरावर मांडा. पुष्कळ ठिकाणी जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास आणि सकाळचा पहिला तास उंच उभे राहतात. हॉपरमध्ये थांबलेली सँड वरून वाळलेली असते, आणि नॉकआऊटहून (मोल्ड फोडतात तिथून) परत आलेली गरम सँड मिक्सरमध्ये पाणी घेऊनही मोल्डपर्यंत पोचेतो ते सोडते. लॅबमधला मॉइश्चरचा आकडा साडेतीन टक्के ठीक दिसतो, कारण सॅम्पल मिक्सरखालून घेतलेलं असतं. मोल्डरच्या हातात पडते ती सँड वेगळी. म्हणून कॉम्पॅक्टॅबिलिटी (दाबल्यावर सँड किती बसते ते) मोल्डिंगच्या जागेवर तपासा, दर तासाला, आणि परतीच्या सँडचं तापमानही लिहा. ते ५० अंशांच्या वर जात असेल तर आधी कूलर किंवा धातूच्या मानाने सँडचं प्रमाण बघावं लागेल. मिक्सरमधला महागडा ऑनलाइन मॉइश्चर प्रोब त्यानंतर घ्या. त्याच्यावर बेंटोनाइटचा (सँड बांधणाऱ्या मातीचा) थर बसतो, रोज पुसावा लागतो, आणि तो पुसणारा माणूस आधी ठरलेला हवा.

एसजी आयर्नसाठी मात्र एक स्वस्त वस्तू ताबडतोब बसवा, ती म्हणजे मॅग्नेशियम ट्रीटमेंटपासून चालू होणारा टायमर. ट्रीटमेंट झाली की बटण दाबायचं, पोअरिंगच्या जागेवरून दिसेल असा मोठा आकडा चालू होईल, आठ मिनिटांना पिवळा दिवा आणि दहाला लाल. लाल लागला की उरलेला धातू मोल्डमध्ये जाणार नाही, पिगिंगला (ठोकळे ओतून पुन्हा वितळवायला) जाईल. तुमच्या लॅडलचा आकार आणि धातूतलं सल्फर बघून ही मिनिटं तुमची तुम्ही पक्की करा. मॅग्नेशियम उडत जातं, इनॉक्युलेशनचा (ग्रॅफाइट नीट घडावं म्हणून टाकलेल्या मिश्रधातूचा) परिणाम ओसरत जातो, आणि शेवटच्या मोल्डमध्ये ग्रॅफाइट गोल राहत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, मशिनिंगलाही बहुतेक वेळा कळत नाही, गाडीत गेल्यावर भाग तुटतो. एसजीच्या फाउंड्रीत सगळ्यात आधी हा टायमर असावा असं मी आग्रहाने सांगतो.

श्रिंकेजचा प्रश्न असेल तर तो सेन्सरने सुटण्याची शक्यता कमी. रायझर (आकसणाऱ्या कास्टिंगला धातू पुरवणारा जादा भाग) कुठे, किती मोठा, गेटिंग (धातू आत येण्याची वाट) कसं, हे पॅटर्न बनतानाच ठरून गेलेलं असतं. तिथे कास्टिंग सिम्युलेशन वापरा. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या कामातून ऑटोकास्ट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर तयार झालं, परदेशी पॅकेजंही आहेत. एखाद्या पॅटर्नसाठी बाहेरून सिम्युलेशन करून घेता येतं, लगेच विकत घ्यायची गरज नाही. यात रायझरचं वजन कमी झालं तर तेवढा धातू वितळवावाच लागत नाही. विजेचा तोही फायदा.

सुरक्षेचा भाग कोटेशनमध्ये मला कुठे दिसला नाही, तो घालून घ्या. ग्राउंड लीकेजचा करंट (धातू कॉइलपर्यंत पोचू लागल्याची खूण), कॉइलच्या प्रत्येक पाणी-मार्गाचं तापमान आणि प्रवाह, आणि प्रत्येक लायनिंगवर झालेल्या हीट. लायनिंग झिजत जातं तसा धातू कॉइलच्या जवळ येतो, त्याच व्होल्टेजला भट्टी जास्त पॉवर ओढायला लागते आणि पॅनलची फ्रिक्वेन्सीही सरकते. हीट नंबरवर हे मांडलं तर लायनिंग कधी उतरवायचं याचा एक आणखी पुरावा मिळतो. लीकेजचा अलार्म कोणी बायपास केला तर त्याची नोंद मालकाच्या मोबाईलवर त्याच मिनिटाला आली पाहिजे. वितळलेला धातू आणि पाणी एकत्र आलं की स्फोट होतो, हे या पट्ट्यातल्या कुणाला सांगायला नको. इथे काटकसर करू नका.

आता कराराबद्दल. भट्टीच्या पॅनलमधून आणि सँड प्लांटमधून वाचलेला कच्चा डेटा तुमच्या मालकीचा, आणि तो सीएसव्हीत कधीही काढून घेता येईल, हे लेखी हवं. पीएलसीचा पासवर्ड आणि मॉडबसचा रजिस्टर नकाशा काम संपताना तुमच्या ताब्यात आला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी एक मीटर जोडायलाही त्यांच्याच दारात जावं लागतं. इंटरनेट गेलं तर डेटा कारखान्यातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर साठून राहिला पाहिजे. वर्षाचं भाडं किती, तिसऱ्या वर्षी किती, हे आजच विचारा. आणि बसवणाऱ्या माणसाला भट्टीशेजारी काम केल्याचा अनुभव आहे का ते बघा. इंडक्शनच्या पॅनलजवळ कंट्रोल केबलमध्ये इतका नॉइज येतो की साधी वायर बसबारच्या शेजारून नेली तर मीटर वेडेवाकडे आकडे दाखवतो. शील्ड असलेली केबल, वेगळा ट्रे, नीट अर्थिंग, आणि सिलिका-कोळशाच्या धुळीत टिकणारं बंद पॅनल, हे कोटेशनमध्ये ओळीने लिहिलेलं असावं. पुण्याच्या सीफोरआयफोर लॅबसारख्या ठिकाणी जाऊन चालू असलेली मांडणी आधी बघता येते. केंद्र सरकारच्या समर्थ उद्योग योजनेतलं ते केंद्र आहे. पण त्याहून बरं म्हणजे विक्रेत्याने ज्या फाउंड्रीत दोन वर्षांपूर्वी बसवलंय तिथे त्याला न घेता जा आणि मेंटेनन्सच्या माणसाशी बोला.

माणसांचा भाग सगळ्यात नाजूक. पहिल्या महिन्यात जे आकडे येतील ते वाईट असतील. त्यावरून कुणाला झापलं, पगार कापला, की दुसऱ्या महिन्यापासून आकडे सुंदर यायला लागतात आणि खोटे असतात. पहिले तीन महिने कुणालाही शिक्षा नाही हे वडिलांच्या तोंडून जाहीर होऊ द्या, त्यांचा शब्द शॉपवर चालतो. स्क्रीन मराठीत करा आणि हिंदीतही करा, कारण मोल्डिंग-फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत आणि ती रोज इंग्रजी डॅशबोर्ड बघून काय करणार? भट्टीसमोर मोठ्या अक्षरात तीनच आकडे पुरेत: चालू हीटचे युनिट, तापमान, आणि किती मिनिटं धातू थांबलाय.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. रंगावरून तापमान सांगण्याची त्यांची नजर खरी आहे, पण ती दिवसाच्या उजेडात आणि रात्री वेगळी बसते, आणि ती दुसऱ्या शिफ्टला हजर नसते. त्यांच्याकडे याहून मोलाचं काहीतरी आहे. कुठला पॅटर्न कुठल्या ऋतूत त्रास देतो, कुठल्या स्क्रॅपवाल्याचा माल आला की पिनहोल वाढतात, हे त्यांना माहीत आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत रिजेक्टचे नग टेबलावर ठेवून बसा, शेजारी त्या तासांच्या नोंदी ठेवा. कुठला आकडा मोजायला घ्यायचा हे त्यांच्या प्रश्नांतून ठरेल, आणि ते विक्रेत्याच्या यादीपेक्षा नेमकं असेल.

ग्राहकाच्या ऑडिटचं फार दडपण घेऊ नका. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात, म्हणजे आयएटीएफ १६९४९ मध्ये, आणि कास्टिंगसाठीच्या सीक्यूआय-२७ मध्ये ऑडिटर जे मागतो ते म्हणजे मेल्टिंग, सँड आणि पोअरिंगच्या नोंदी, त्यांचा कास्टिंगशी संबंध, आणि उपकरणांचं कॅलिब्रेशन. वरची साखळी उभी राहिली की एक कास्टिंग उचलून दहा मिनिटांत त्याची पूर्ण कुंडली दाखवता येते. युरोपला थेट किंवा ग्राहकामार्फत माल जात असेल तर सीबॅमचाही (आयात मालावरच्या युरोपियन युनियनच्या कार्बन आकारणीचाही) विचार करा. त्याचा नोंदी देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ होता आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीची व्यवस्था लागू आहे. सगळी कास्टिंग त्यात येत नाहीत, तुमच्या मालाचा कोड यादीत आहे का ते निर्यातीच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. यादीत नसलात तरी मोठे ग्राहक टनामागे कार्बनचा आकडा मागायला लागले आहेत. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे टनाला ६०० युनिट जाळले तर फक्त वितळवण्याचेच ४२० किलो. हीटवार मीटर असेल तर हा आकडा तुम्ही पुराव्यानिशी देऊ शकता.

तेव्हा विक्रेत्याला असं कळवा: पहिल्या टप्प्यात एका पॅनलचा एनर्जी मीटर, पायरोमीटर आणि स्पेक्ट्रोची जोडणी, पोअरिंगची मोबाईल नोंद, एसजीचा टायमर, लीकेज आणि पाण्याचे अलार्म, आणि एकच वेळ दाखवणारी घड्याळं, एवढ्याचं वेगळं कोटेशन द्या. सँड प्लांटची जोडणी दुसऱ्या टप्प्यात, सहा महिन्यांच्या नोंदी बघून. एआयची ओळ सध्या काढून टाका. नवीन कोटेशन आलं की त्यातली तांत्रिक पानं आणि तुमच्या एका आठवड्याच्या हीट शीटचे फोटो मला पाठवा, कुठली उपकरणं तुमच्या भट्टीला चालतील ते बघून सांगतो.